बरणीतली बटणं

दर गुरुवारी दुपारी चार वाजता आल्टरवाली ताई मशीनवरचं कापड बाजूला सारायची, कानात इअरफोन घालायची आणि घरच्यांना सांगायची, "गिऱ्हाईक आहे. फोनवर मापं घ्यायचीत." हे गिऱ्हाईक पाऊण तास मापं द्यायचं. तेवढ्या वेळात हत्तीचासुद्धा कोट बेतून झाला असता, पण घरात कुणाला शंका आली नाही. सासूबाईंना सुनेच्या गिऱ्हाइकांशी देणंघेणं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत वर-खाली करत असायचा. आणि आठ वर्षांची लेक पडद्यापलीकडे गृहपाठ करत बसलेली असायची.

ते गिऱ्हाईक म्हणजे समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम होत्या. व्हिडिओ कॉलवर दिसायचे ते पिकलेले केस, जाड चष्मा आणि पाठीमागे खिडकीत एक मरतुकडं रोप. त्यांच्या शहराचं नावही ताईला ठाऊक नव्हतं. पण जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते तिने त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

सांगण्यासारखं एकच होतं. ती लेकीवर ओरडायची. लोकांचे कपडे अंगावर नीट बसवून देणं हा तिचा धंदा. कंबर सैल कर, बाही आखूड कर, फाटलेलं काज पुन्हा विण. दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेकीपुढे मात्र सगळं उसवायचं. घरात पोरीला बॉबिन म्हणायचे, कारण मशीनमधल्या त्या फिरत्या रिळासारखी ती एका जागी बसेल तर शपथ. बुटाची जोडी सापडत नाही, दूध सांडलं, खोडरबर तिसऱ्यांदा हरवलं, एवढ्यावरून ताईचा आवाज असा चढायचा की समोरच्या घरातली बाई खिडकी लावून घ्यायची. नंतर सुईत दोरा जाता जायचा नाही. एकदा तर ओरडणं थांबल्यावरही पोरगी दोन्ही कानांवर हात ठेवून तशीच उभी राहिली, हललीच नाही. त्या उभं राहण्याची ताईला भीती बसली. त्याच आठवड्यात तिने मॅडमना गाठलं.

मॅडमनी काम दिलं. आवाज चढला की दर वेळी नोंद करायची.

"लिहिणं नाही जमायचं मला. हातात सारखं कापड असतं."

"मग हाताशी काय असतं, ताई?"

"बटणं."

तेव्हा असं ठरलं की प्रत्येक ओरडण्याला रिकाम्या बरणीत एक बटण टाकायचं, गुरुवारी मोजायची आणि बरणी पुन्हा रिकामी करायची. पहिल्या आठवड्यात तेवीस निघाली. दुसऱ्यात पंधरा. तिसऱ्यात नऊ.

"अहो, किती छान!" मॅडम म्हणाल्या.

ताई हसली, पण आकडा तिला पटेना. नऊच कशी असतील? पाच तर एकट्या सोमवारीच टाकली होती. की टाकलीच नव्हती? तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायची, मग वार, मग माणसं. ताई येता-जाता बरणीचं झाकण उघडून बघू लागली. शिवताना बोटात सुई घुसू लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने एका गिऱ्हाइकाची बाही चार बोटं आखूड कापून ठेवली आणि त्याच्यासमोर रडायचीच बाकी राहिली. बटणांचं एक वेळ जाऊ दे. पण ओरडलेलंच आठवत नसेल, तर लेकीला आपण आणखी काय काय बोलून बसतो आणि विसरतो? हा विचार एकदा मनात शिरला तो निघायचं नाव घेईना.

चौथ्या आठवड्यात तिने शक्कल लढवली. सोमवारी सकाळी ओरडून झाल्यावर तिने जुन्या ओव्हरकोटाचं एक भलंमोठं तपकिरी बटण बरणीत टाकलं. मंगळवारी संध्याकाळी ते गायब.

आधी तिला हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर होतं तर! मग दुसरी काळजी लागली. घरात बटणं चोरणारं आहे कोण? तिने सासूबाईंना आडून आडून विचारलं.

"मला काय करायचीत तुझी बटणं?" त्या फणकारल्या. "माझ्या गाऊनला चेन आहे."

गुरुवारी साडेतीनला बॉबिन शाळेतून आली आणि सवयीप्रमाणे तिने जॅकेट खुर्चीकडे भिरकावलं. जॅकेट खाली पडलं ते खडखड वाजत. ताईने ते उचललं तर हाताला जड लागलं. तिने अस्तर उलटं केलं.

आत बटणंच बटणं. खालच्या शिवणीलगत एकाशेजारी एक टाचून बसवलेली. टाके वाकडेतिकडे, पण प्रत्येक गाठ आतल्या बाजूला मारलेली. तशी गाठ मारायला ताईनेच शिकवलं होतं. सगळ्यांत शेवटी ते तपकिरी बटण होतं.

"हे काय गं?"

पोरगी आईच्या तोंडाकडे बघत एक पाऊल मागे सरकली. "ओरडू नकोस ना. मग अजून एक टाकावं लागेल."

"नाही ओरडत. का काढलीस ते सांग."

"कमी झाली तर मला नाही ना पाठवणार?"

"कुठे?"

"तूच म्हणालीस ना त्या गिऱ्हाइकाला. हिला वसतिगृहात ठेवलेलं बरं, माझ्यापासून लांब तरी राहील."

ताई खरंच तसं म्हणाली होती. पहिल्याच दिवशी, रडता रडता. त्यावर मॅडम बराच वेळ समजावत होत्या, हे दमलेल्या आईचं बोलणं आहे, मुलीला आई जवळच हवी असते. पण ते फक्त इअरफोनमध्ये ऐकू आलं होतं. कानात इअरफोन घातला की सगळं घर बहिरं होतं, असं ही शहाणी धरून चालली होती. मॅडमचं बोलणं तिच्या कानात राहिलं आणि तिचं स्वतःचं, तेही नेहमीपेक्षा मोठ्याने, पडद्यापलीकडे गेलं होतं. महिनाभर पोरगी तेवढंच उराशी धरून शाळेत जात होती.

"तू कुठे म्हणजे कुठेच जाणार नाहीस," ताई म्हणाली. "बटणं शंभर झाली तरी नाही."

बॉबिनने मान हलवली, पण तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. चार वाजले आणि फोन वाजला.

ताईने इअरफोन खणात टाकले, फोन मशीनला टेकवून उभा केला आणि लेकीला शेजारच्या स्टुलावर बसवलं. मॅडमनी दोघींना पाहिलं आणि चष्मा सारखा केला.

"मॅडम, मागचे आकडे खोटे होते. ते राहू द्या," ताई म्हणाली. तिने बरणी मांडीवर ओतली. जॅकेटमधली या आठवड्याची बटणं कोणती ते बॉबिनने बोटाने दाखवलं. दोन्ही मिळून बेरीज झाली. "एकोणीस."

"वीस," बॉबिन म्हणाली.

"एकोणीसच आहेत, बाळा. मोजलीत ना आपण?"

"काल सकाळी तू बटण टाकलंच नाहीस. माझी वेणी घालताना."

ताईने आठवून पाहिलं. कालची सकाळ, वेणी, तुटलेला रबरबँड. पुढचं काही केल्या आठवेना.

"काय म्हणाले होते गं मी?"

बॉबिनने एकदा फोनमधल्या मॅडमकडे पाहिलं, मग खाली जॅकेटकडे.

"ते नको ना सांगायला," ती हळूच म्हणाली.

ताईने बटणांच्या डब्यातून एक बटण काढलं आणि बरणीत टाकलं.

"वीस," तिने मॅडमना सांगितलं.