शांत घरातली मोटर

आम्ही दुसरं घर बघतोय, असं मी जिन्यात भेटलेल्या एका शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "या वयात? वहिनींना माहीत आहे का?" मराठीत दुसरं घर करणं म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवायची गरज नव्हती. मी म्हणालो, "वहिनींनाच हवंय." त्यावर "मग आम्ही कोण बोलणार," म्हणून ते दूध आणायला गेले. पुढे जिन्यातले लोक आमचा विषय 'दुसरं घर' याच शब्दांत काढायचे आणि मीही हसायचो.

घर खरोखरच बायकोला हवं होतं. आम्ही मंडईच्या मागच्या गल्लीत राहतो. उजाडायच्या आधीपासून टेम्पो येतात, क्रेट आपटतात, हमाल एकमेकांना शिव्या देतात आणि मग दिवसभर कोथिंबिरीपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळं ओरडून विकलं जातं. मी याच गल्लीत वाढलो, त्यामुळे मला यातलं काही वेगळं ऐकू येत नसे. बायको लग्न होऊन आली आणि काही महिन्यांत तिला अर्धशिशी लागली. तिच्या माहेरी कुणाला नव्हती. "इथलीच आहे ती, मला आंदण मिळाली," असं ती म्हणायची.

अर्धशिशी उठली की ती आतल्या खोलीत अंधार करून, कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडायची. पलंगाशेजारी बादली. गणपतीत स्पीकरच्या भिंती लागल्या की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि तिच्या एकाच डोळ्यातून पाणी वाहायचं. मी खाली जाऊन मंडळाच्या पोरांना आवाज कमी करायला सांगायचो. ती फार नम्र पोरं. "काका, झालंच बघा," म्हणायची आणि मी जिना चढेपर्यंत आणखी वाढवायची. एरवी मात्र, अंगठा कानशिलावर दाबून धरलेला आणि दुसऱ्या हातानं पोळी लाटतेय, अशी ती मला आयुष्यभर दिसली.

माझं स्वतःचं पोट आवाजावरच चाललं. भवानी पेठेत माझं गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप होतं. दिवसभर कटर, ग्राइंडर आणि हातोडा. गुडघे गेल्यावर मी ते बंद केलं, मशिनं विकली आणि घरी बसलो. तेव्हा ती म्हणाली, "आता तरी मला एखादी शांत जागा बघा." तिनं माझ्याकडे असं तोंड उघडून दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडून बरंच पुढे गेलं की गोल्फच्या मैदानाभोवती वसवलेली एक वसाहत आहे, ती तिनं पेपरातल्या जाहिरातीतून शोधून काढली. मी म्हणालो, "गोल्फ? मला विटीदांडू येतो." ती म्हणाली, "तुम्हाला कोण खेळायला बोलावतंय? आपण गवत बघत बसू."

तिथं पोचल्यावर मी आधी गेट बघितलं. सवय. रुळावर सरकणारं, भलं जड गेट, पण बंद होताना चाकांचा आवाज नाही की धक्का नाही. वेल्डिंग कुठं केलंय ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. असं काम करणाऱ्या माणसाची मला असूया वाटली. घरं दाखवायला एक तरुण मुलगी आली. "सर, आमची मेन यूएसपी सायलेन्स आहे," ती म्हणाली. "इथे हॉर्न अलाउड नाही, स्पीकर नाही, फटाके नाहीत."

"कुकरची शिट्टी?" बायकोनं विचारलं.

"ती चालेल, मॅम," मुलगी गंभीरपणे म्हणाली आणि बायको खळखळून हसली.

बहुतेक घरांचे पडदे ओढलेले होते. लोक कुठे आहेत, असं मी विचारलं. "सर, सेकंड होम्स आहेत ना. वीकेंडला येतात. म्हणजे, काही येतात." परत येताना गाडीत मी शंकांचा पाढा वाचला. दवाखाना लांब, भाजी लांब, तिथं बोलायचं कुणाशी? बायको म्हणाली, "कुणाशी बोलायला लागणार नाही, याचसाठी तर जायचंय." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं ठरलं होतं.

ज्यांचं जवळजवळ ठरत आलंय अशांना तिथल्या नमुन्याच्या घरात शनिवार-रविवार राहू देत. आम्ही आमची चहापूड, साखर आणि लाडवांचा डबा घेऊन गेलो. पहिल्या सकाळी ती व्हरांड्यात खुर्चीवर बसली. समोर गवत, लांबवर पांढरी टोपी घातलेला एक माणूस चेंडूशी वाकून उभा. मी चहा घेऊन आलो आणि बघितलं, तर तिचे दोन्ही हात मांडीवर होते. अंगठा कानशिलावर नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी चहा तसाच हातात धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, घ्यायचंच हे घर, काय वाटेल ते होवो.

दुपारी जेवून आडवा झालो आणि मला मोटर ऐकू आली. बारीक, एकसुरी. शेजारच्या शेडमध्ये कुणी ग्राइंडर नुसताच चालू करून ठेवलाय, अशी. मी उठून फ्रिज बघितला. फ्रिजची घरघर वेगळी होती. बाथरूम बघितलं, मागचं अंगण बघितलं. आवाज सगळीकडे सारखाच. शेवटी फोन करून त्या मुलीला बोलावलं आणि म्हणालो, "तुमच्या सायलेन्सला मोटर आहे."

तिनं वॉचमनला आणलं. जवळच्याच गावातला माणूस. त्यानं पाण्याचा पंप बंद केला. मी म्हणालो, "नाही, चालूच आहे." त्यानं बागेतल्या कारंज्याचं बटण बंद केलं. "अहो, चालूच आहे." मग त्यानं घराचा मेन स्विचच खाली ओढला. फ्रिज एकदा थरथरून थांबला आणि आम्ही चौघं दिवाणखान्यात उभे राहिलो. "हां, आता ऐका," मी म्हणालो. ती मुलगी आणि वॉचमन माना तिरप्या करून छताकडे बघत ऐकू लागले.

"मला तर काय बी ऐकू येत न्हाई, साहेब," वॉचमन म्हणाला. "समदं बंद हाय आता."

"सर, बाहेर एखादा किडा वगैरे असेल का?" मुलगी म्हणाली.

मला राग आला. मी म्हणालो, "बहिरे आहात का सगळे? हे बघा, कान बंद केले की येत नाही आणि उघडले की येतो." असं म्हणून मी दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज गेला नाही. उलट मोठा झाला. मोटर माझ्या डोक्यात होती.

किती वेळ मी तसा कानांत बोटं घालून उभा होतो, कोण जाणे. छताकडे न बघणारी तिथं एकटी बायकोच होती. ती माझ्याकडे बघत होती. मी बोटं काढली आणि म्हणालो, "हां. थांबली आता." वॉचमननं स्विच वर केला, मुलीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दोघं निघून गेले.

"थांबली नाही ना?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"कधीपासून आहे?"

"मला आजच कळतंय," मी म्हणालो आणि ते खरंच होतं. कित्येक वर्षं असणार. मंडईनं ती झाकून ठेवली होती.

कानाच्या डॉक्टरांनी मला भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोक्यात बसवून तपासलं. त्या खोक्यात तर माझं अख्खं वर्कशॉप चालू झालं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, नस झिजली आहे, यावर औषध नाही. शांततेत जास्त जाणवेल, तेव्हा आजूबाजूला थोडा आवाज असू द्या, पंखा, रेडिओ, काहीही. मग त्यांनी विचारलं, "राहता कुठे?"

"मंडईमागे."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले.

आमच्या पत्त्याला उत्तम म्हणणारा आयुष्यात भेटलेला तो पहिला माणूस. शेजारी बायको बसली होती. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

आम्ही पुन्हा एकदा त्या नमुन्याच्या घरात जाऊन राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी छोटा रेडिओ नेला होता. अगदी बारीक लावला.  थोड्या वेळानं बघतो तर अंगठा कानशिलावर गेलेला. मी रेडिओ बंद केला आणि मोटर सुरू झाली. बाहेर गवतावर जाऊन चकरा मारल्या. तिथं आणखी वाईट, सगळ्या आभाळभर तीच. परत आलो आणि साखरेच्या डब्याचं झाकण नीट लावलं नाही म्हणून तिच्यावर ओरडलो. त्या जागेत इतक्या मोठ्यानं बहुधा कुणी ओरडलं नसावं, लांबचा टोपीवाला वळून बघायला लागला. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडलो. नळाच्या आवाजात मोटर ऐकू येत नव्हती, म्हणून बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

त्यानंतर आमचं भांडण सुरू झालं, पण उलटं. ती म्हणायची, नको घेऊ या, तुम्हाला त्रास होईल. मी म्हणायचो, घ्यायचंच, सवय होईल मला. ती म्हणायची, मलाही इथली सवय झालीच आहे. दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं. मग गणपती आले. यंदा ओढणी बांधूनही भागेना, पोटात पाणी ठरेना, शेवटी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं ती मला म्हणाली, "मला या डोक्याचा कंटाळा आलाय हो." ती घरी आल्यावर मी एकटाच जाऊन घराच्या कागदांवर सही करून आलो.

त्या घरासाठी मी लोखंडी कॉट केल्या. माझ्या जुन्या कारागिराची शेड आहे, तिथं बसून. दोन सारख्या, पायांना रबर लावलेल्या, कुशीवर वळलं तरी कुरकुरणार नाहीत अशा. माझ्या हातचं ते शेवटचं वेल्डिंग. अर्धे दिवस इथं आणि अर्धे तिथं राहायचं, असं आमचं बोलणं झालं होतं. सुरुवातीला केलंही तसं. मग मी तिथून एक दिवस आधी निघायला लागलो आणि ती इथं एक दिवस उशिरा यायला लागली. वेगळं राहायचं असं कुणीच ठरवलं नाही. एका गणपतीला ती तिथं राहिली ती परत आलीच नाही.

आता तब्येती दोघांच्याही चांगल्या आहेत. तिच्या गोळ्या जवळजवळ सुटल्या, चेहऱ्यावर तेज आलंय. मी इथं टेम्पोंच्या आवाजात गाढ झोपतो. कसला आलाय आनंद त्यात. पलंगावर पलीकडे ती नसतानाही मला झोप लागते, याचीच मला किळस येते. जिन्यातले ते शेजारी भेटतात आणि विचारतात, "दुसऱ्या घरी सगळं ठीक?" त्यांना हसू येत नाही, मलाही नाही.

रविवारी मी बसनं जातो. मंडईतून तिला आवडणारी भाजी नेतो. जेवतो, थोडा वेळ बसतो, मग मोटर असह्य झाली की घड्याळ बघतो. ती लगेच उठून माझी पिशवी आणून देते.

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. बाजाराचा आवाज तिला फोनवरही सोसत नाही. "खिडकी लावा हो," ती म्हणते. मी लावतो. त्या खिडक्या मीच बनवल्यात, घट्ट बसतात. बाजार बाहेर राहतो आणि मोटर सुरू होते. ती आधीच हळू बोलायची, तिथं राहून आणखी हळू बोलायला लागलीय. तिचे शब्द मोटरखाली जातात. मी फोन कानावर दाबून धरतो आणि ती थांबली की हं म्हणतो.

"ऐकू येतंय ना?"

"हो, बोल तू."

ऐकू येत नाही म्हटलं तर ती म्हणेल, उघडा खिडकी. आणि मग सोसत बसेल.

गेल्या आठवड्यात ती एकदा बराच वेळ बोलली. मध्ये दोनदा थांबून पुन्हा बोलली. मग माझ्या उत्तराची वाट बघतेय असं वाटलं. मी म्हणालो, "हो."  मग "बरं," ती म्हणाली, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी गेलो तर आतल्या खोलीत एकच कॉट होती. दुसरीच्या जागी तिनं कुंडी ठेवली होती.

"माझी कॉट कुठे गेली?" मी विचारलं.

"वॉचमनला दिली. त्याची आई जमिनीवर झोपत होती." ती माझ्याकडे न बघता कुंडी सरळ करत होती. "तुम्हाला विचारलं होतं की फोनवर. म्हटलं, तुम्ही आता इथं राहायला येणार नाही, असंच धरू का मी? तुम्ही लगेच हो म्हणालात."

अंगठा कानशिलावर नव्हता. मोटर जोरात चालू होती.

"हो," मी म्हणालो, "म्हणालो होतो खरं." आणि भाजीची पिशवी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.