गाऱ्हाण्यात राहून गेलेले नाव

सर्व संबंधितांना अत्यंत जबाबदारीने कळवतो की, पासष्टची लढाई फौजेने जिंकली ही निव्वळ अफवा आहे. ती विक्रोळीच्या चाळीत, आमच्या पलीकडच्या खोलीतल्या काकांनी, तांब्याच्या एका टोपाच्या जोरावर जिंकली.

लढाई सुरू झाली त्या दिवशी कारखान्यातून आल्या आल्या काकांनी घरातले सगळे देव टोपातल्या पाण्यात बुडवले आणि देवांनाच बजावले, "जिंकल्याशिवाय भायर काढूचंय नाय!" काकी रोज पाणी बदलायच्या, तेवढीच देवांना सवलत. संध्याकाळी गॅलरीत नारळ हातात धरून काका गाऱ्हाणे घालत. गाऱ्हाणे म्हणजे कोकणी माणसाने देवाशी भर चौकात केलेली रोकठोक बोलणी. "बा देवा म्हाराजा, शत्रूची तोफ उलटी फुटांदे!" की आम्ही सगळे नरडी फाडून, "व्हय म्हाराजा!" काकांच्या मागण्या फार बारीक असत. रणगाडा चिखलात रुतू दे, सेनापतीला ऐन वेळी हगवण लागू दे. खालचे शिंपीमामा तर शिवणयंत्र सोडून धावत येत, आणि मागणी पुरी व्हायच्या आधीच त्यांचा "व्हय" सुटलेला असे.

लढाई थांबली. देव कोरडे झाले, पेढे वाटले. चौथ्या दिवशी तार आली. काकांनी खांद्यावर बसवून वाढवलेला धाकटा भाऊ फौजेत होता. तो आता परत येणार नव्हता.

काका आठवडाभर कारखान्यात गेले नाहीत. मग एकदाच म्हणाले, "तोफेपासून हगवणीपर्यंत सगळा मागलंय, त्याचा नाव तेवढा घेवक इसारलंय. पण अर्जात नाव नाय म्हणान माणूस नेता, तो देव कसलो? तो कारकून!"

तेव्हापासून देव काकींच्या ट्रंकेत आणि देव्हाऱ्यात काकांचे दाढीचे सामान. तरी दिवेलागणीला त्यांचा हात सवयीने काडेपेटीकडे जाई, मग ओशाळून ते बिडी पेटवत. "नाय तो, ह्या माका पटला," मला म्हणत, "पण सांजेक त्याची याद येता रे. भावाची येता तशीच."

आणि लढाई? देव होता तोवर तोफेचे काय करायचे ते तो बघत असे. आता ती माणसाने माणसावर डागलेली ठरली. एकाहत्तरला खिडक्यांना काळे कागद लागले. रेडिओवर शत्रूचे विमान पाडल्याची बातमी आली की चाळ नाचे, आणि काका मध्येच विचारत, "चालवणाऱ्याचा नाव काय सांगितल्यानी?"

"काकानू, तुमी नक्की कोणाच्या बाजूचे?" शिंपीमामा भडकत.

शेवटी एका संध्याकाळी मामांनीच त्यांच्या हातात नारळ कोंबला. सगळी चाळ गॅलरीत जमली होती. "गाऱ्हाणा घाला. तुमच्याशिवाय ऐकूचो नाय तो." काकांनी तोंडातली बिडी काढून टाकली. मग आवाज लागला, अगदी सहा वर्षांपूर्वीचा.

"बा म्हाराजा, असशील तर आयक, नसशील तर रवांदे. गेल्या खेपेक एक नाव ऱ्हवला. आता तर माका कोणाचीच नावां ठावक नाय. म्हणान सांगतंय, आमची पोरां नि त्येंची पोरां, सगळी आपापल्या आवशीकडे जिती परत जांवदेत!"

त्यांच्या आयांचीसुद्धा? शत्रूची? आम्ही एकमेकांची तोंडे बघू लागलो. काकींनी पदर तोंडाशी धरला. काका नारळ तसाच धरून, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून उभे. आणि जन्मात पहिल्यांदाच उशिरा, सवयीने म्हणा, कशानेही म्हणा, शिंपीमामांच्या तोंडून सुटलेच:

"व्हय म्हाराजा!"