धावपट्टी मोकळी आहे का?

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी चिंचवडहून सायकलने भोसरी, दिघी करत विमानतळावर कामाला जात असे. पिंपरीला नुकते कारखाने उभे राहू लागले होते, आणि आमच्या आळीतल्या कुणाला तिथं नोकरी लागली की पेढे वाटले जात. मला विमानतळाच्या टॉवरमध्ये नोकरी लागली, ती मात्र लोकांना समजावून सांगताना वडिलांची दमछाक होई.

"विमान चालवतो का?"

"नाही. कधी उडायचं, कधी उतरायचं, ते वैमानिकाला सांगतो."

एवढं सांगून वडील जरा ताठ बसत.

टॉवर म्हणजे उंचावरची काचेची खोली. एक वायरलेस, एक दुर्बीण आणि भिंतीवर काळा फळा. धावपट्टीवर माणूस किंवा गाडी गेली की फळ्यावर लिहायचं, परत आली की पुसायचं. एवढा साधा नियम.

एका सकाळी भोसरीच्या सहा मजुरांना मी धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, भेगांतलं गवत काढायला जाऊ दिलं. तेवढ्यात हवामान खात्याचा फोन आला आणि फळ्यावर लिहायचं राहून गेलं. थोड्या वेळाने मुंबईला जाणारं विमान निघायला तयार झालं. मी फळा पाहिला. कोरा. वायरलेसवर सांगून टाकलं, "धावपट्टी मोकळी आहे. निघा."

आमची धावपट्टी मध्ये जराशी उंच होती, त्यामुळे वैमानिकाला पलीकडचं टोक दिसत नसे. विमान हललं नाही. आवाज आला, "मघाशी टोपल्या घेतलेली माणसं तिकडे जाताना मी पाहिली होती. ती परत आली का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तरी दुर्बीण उचलली. टोकाशी सहा डोकी वाकलेली होती.

"थांबा. धावपट्टीवर माणसं आहेत."

जीप पाठवून मजुरांना बाजूला घेतलं, मग विमान गेलं. मुकादम जिन्याखाली येऊन म्हणाला, "साहेब, आमी निवांत व्हतो. वाटलं, वरून तुमी बघताय." त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दोन दिवसांनी ते वैमानिक टॉवरवर आले. साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, मोजकं बोलणारे.

"चूक माझी होती, कॅप्टनसाहेब," मी म्हणालो.

"आहेच," ते म्हणाले. "पण माणसं मी पाहिली होती. इंजिन सुरू करायच्या आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही मोकळी म्हणालात, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, यांना माहीत असणार. निघालोच होतो."

माझा लेखी खुलासा टॉवरच्या मुख्य साहेबांकडे गेला होता. त्यासोबत कॅप्टनांनी, कुणी मागितलेला नसताना, स्वतःचाही दिला. साहेब दोन्ही कागद वाचून म्हणाले, "दोघंही स्वतःचीच चूक सांगताय. असं मी प्रथमच बघतोय." तरीही माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, आणि तो योग्यच होता.

चहा पिता पिता आम्ही दोघांनी एक रीत ठरवली. मी नुसत्या फळ्यावर विसंबायचं नाही, दुर्बिणीने पाहूनच बोलायचं. वैमानिकाने माझे शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. आणि ज्याच्या नजरेला जे पडेल, ते त्याने लगेच सांगायचं. साहेबांनी ती रीत टाइप करून घेतली आणि सगळ्यांना लागू केली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वायरलेसला फार खरखर होती. एक विमान उतरायला येत होतं, म्हणून निघायला तयार असलेल्या कॅप्टनांना मी धावपट्टीच्या कडेला थांबायला सांगितलं. त्यांनी परत म्हटलं, "धावपट्टीवर येतो."

"नाही. थांबा. विमान उतरतंय."

"थांबतो," ते म्हणाले. काही क्षणांत दुसरं विमान त्यांच्या समोरून धडधडत गेलं.

मग पुन्हा त्यांचा आवाज आला. "माझ्या ऐकण्यात चूक झाली. तुम्ही होतात म्हणून बरं."

हे बोलणं खोलीत साहेबांनीही ऐकलं. ते आपली खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसले. संध्याकाळी घरी येताना दिघीच्या चढावर, जिथे मी रोज सायकलवरून उतरून चालत असे, त्या दिवशी उतरलो नाही.