नगर-पाथर्डी वाटेवरची टपालघरं आणि एक फोडलेली खिडकी

“पोस्टं बघायला?” शिक्षिकांच्या खोलीत एकच हशा पिकला. “अगं शांता, लोक शिर्डीला जातात, शिंगणापूरला जातात. पोस्टात माणूस तिकीट घ्यायला जातो!”

मी नगरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. कमान कशी काढायची हे शिकवायला आमच्याकडे विलायती पुस्तक आहे, त्यात सगळी परदेशातली देवळं. एकदा आपल्या मोठ्या पोस्टात रांगेत उभी असताना सहज वर पाहिलं, तर डोक्यावरच काळ्या दगडाची सुरेख कमान होती. वर्षानुवर्षं मी तिच्याखाली उभी राहून कार्डं घेतली होती आणि एकदाही मान वर केली नव्हती. तेव्हाच ठरवलं की जिल्ह्यातली जुनी टपालघरं पाहायची आणि काढायची.

वेळ बरी नव्हती हे कबूल. लढाई चालू होती. आदल्याच वर्षी चळवळीत ठिकठिकाणी तारा तुटल्या होत्या, पोस्टं जळली होती. सरकारी इमारतीसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याकडे पोलीस चांगल्या नजरेनं पाहत नव्हते. “तुला किल्ल्यात टाकतील,” एका बाईंनी बजावलं. मी म्हटलं, “किल्ला आधीच काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी भरलाय म्हणे.” नाताळ आटोपला आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले.

एकटीनं जाऊ नको म्हणून घरचे अडून बसले, तेव्हा मार्था आत्यानं पिशवी उचलली. आत्या मिशनची बायबलबाई. उभी हयात गावोगाव पायी हिंडून बायकांना वाचायला शिकवण्यात गेलेली. पाय आता दुखतात, जीभ मात्र अजून शाबूत आहे.

तुम्हाला या वाटेनं जायचं असेल तर आधीच सांगते, मोटारीच्या वेळेवर विसंबू नका. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलीय, तिच्या धुरावर गाडी चालते. भाडं लढाईमुळे चढलंय आणि वेग उतरलाय. पांढरी साडी नेसू नका. भिंगार मागं पडेपर्यंत आमचे चेहरे काळवंडले होते. करंजीच्या घाटात गाडीचा दम तुटला आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. आत्या उतरली नाही. “भाडं दिलंय बसायचं,” ती ड्रायव्हरला म्हणाली, “ढकलायचं न्हाई.”

घाटाजवळ एका जुन्या टप्प्यावर आम्ही पहिला मुक्काम केला. मोटारी येण्याआधी इथून टपालाचा टांगा जाई. दगडी चौथऱ्यावर दोन खोल्या आहेत, पुढं लाकडी खांबांची पडवी आणि मागं घोड्यांची पागा. घोडी इथं बदलायची, टपालाची थैली या टांग्यातून त्या टांग्यात जायची. खोल्यांना आता कौलं उरली नाहीत, पण पागेच्या भिंतीत घोडी बांधायच्या लोखंडी कड्या तशाच आहेत. कड्यांखालचा दगड दोरांनी घासून गुळगुळीत झालाय. त्यावर हात फिरवायला विसरू नका. शेजारच्या वस्तीवर बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे मिळाले. चहा गुळाचा, कारण साखर नाही.

तिसगावला बाजाराचा दिवस सापडला. मेंढरं, मिरच्या आणि माणसं यांच्या गर्दीतून वेशीची कमान काढली. इथून पुढं टपाल बहुतेक गावांत शाळामास्तरांकडेच असतं. सरकार तेवढी पेटी, शिक्का आणि पाटी देतं, आणि जागा गावातलं कुणीतरी देतं. म्हणून या भागातल्या टपालघरांना एक साचा नाही. कुठं चावडीचा कोपरा, कुठं देवळाची ओवरी, तर कुठं कुणाच्या घराची पुढची खोली. ज्याची जागा, त्याच्या चवीची इमारत. मला यात मौज वाटत होती. ती पुढच्या गावी संपली.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ते गावच तसलं.

इमारत मात्र पाहताक्षणी मी थांबले. घडीव काळा दगड, सांधे इतके बारीक की नख शिरणार नाही. दोन पायऱ्या चढून ओटा, ओट्यावर तीन कमानी, मधल्या कमानीच्या माथ्यावर कमळ. डाव्या खोलीला सागवानी चौकटीची खिडकी, तिच्यावर टपालाची पाटी. ही जागा अण्णासाहेबांची, गावातले मोठे जमीनदार. त्यांच्या आजोबांनी बांधलेली. मी चित्र काढतेय म्हटल्यावर ते स्वतः येऊन उभे राहिले, कमळ कुणी घडवलं ते सांगू लागले, आणि आमच्यासाठी खुर्ची मागवली.

मी पुढची बाजू काढली आणि सवयीनं इमारतीला फेरी घालायला निघाले. डावीकडे बोळ होता, सांडपाण्याचा. तिथं एक बाई भिंतीला लागून गुडघ्यांवर बसली होती. तिच्यासमोर भिंतीत एक भोक होतं. फूटभर रुंद, जमिनीपासून हातभर वर. आतून मास्तरांचा हात आला, शाईची गादी ठेवली गेली, बाईनं अंगठा उठवला, मग पैसे आले. ते हातात देण्यात आले नाहीत. भोकाच्या कडेवर ठेवले गेले, आणि हात मागं गेल्यावर तिनं उचलले.

“कोनाची मनिऑर्डर?” आत्यानं विचारलं.

“लेकाची. पलटनीत हाय, ब्रम्हदेशाकडं.” बाई उठली, लुगड्याला लागलेला चिखल झटकला. तिचं नाव राहीबाई. “आमची खिडकी ही. वरली त्यांची.”

मी भिंतीजवळ गेले. पुढच्या खिडकीची चौकट भिंतीबरोबरच बसवलेली होती, तिच्या दोन्ही बाजूंचे दगड चौकटीच्या मापानं घडवलेले होते. या भोकाला चौकट नव्हती, वर तोलाचा दगड नव्हता. पहारीनं फोडल्याच्या खुणा कडेच्या दगडांवर स्पष्ट होत्या. फटी चिखलानं लिंपल्या होत्या. आजोबांनी बांधताना हे नव्हतंच. टपाल आलं, महारवाड्यातली माणसं कागद घ्यायला पायऱ्या चढू लागतील असं कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि त्या देखण्या भिंतीला कुणीतरी पहार लावली.

मी बोळात बसले आणि ते भोक काढायला घेतलं.

अण्णासाहेब मागून आले. आवाज अजून गोड होता. “बाई, हितं काय काढण्यासारखं हाय? कमळ काढलंत न्हवं?”

“इमारत काढायची तर सगळ्या बाजूंनी काढावी लागते,” मी म्हटलं.

“ती मोरीची बाजू हाय.”

“मोरीला अंगठा लावायची गादी कुठं ठेवतात?”

त्यांचा चेहरा बदलला. “तुमी कोनाच्या?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे लहान पोरालाही कळतो.

उत्तर आत्यानं दिलं. “माजा बाप ख्रिस्ती झाला. त्याच्याआधी आमी बी तिकडल्याच,” आणि तिनं महारवाड्याच्या दिशेनं हात केला. अण्णासाहेबांनी मागवलेली खुर्ची गड्यानं उचलून आत नेली. कुणी काही सांगायची गरजही पडली नाही.

मग आत्यानं जे केलं ते तिनं मला विचारून केलं नाही. तिनं लुगडं सावरलं, दुखरा गुडघा हातानं दाबत एकेक पायरी चढली आणि वरच्या खिडकीपाशी उभी राहिली. “मास्तर, एक कार्ड द्या.”

मास्तर तरुण होते. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा खाली अण्णासाहेबांकडे. 

“मास्तर, त्यांना खाली जायला सांगा,” अण्णासाहेब म्हणाले.

“ही पाटी कुणाची?” मी बोळातून पुढं येऊन विचारलं. माझा आवाज चढला होता. “वर मुकुट सरकारचा आहे. तिकीट सरकारचं. या राहीबाईंचा मुलगा सरकारसाठी बंदूक धरून उभा आहे. त्याच्या आईनं चिखलात गुडघे टेकायचे हे कोणत्या कायद्यात आहे? असेल तर मास्तरांनी वाचून दाखवावं.”

मास्तरांनी कार्ड काढलं आणि खिडकीतून आत्याच्या हातात दिलं. हातात. अण्णासाहेब घरात गेले.

त्या गावात आम्हाला मग पाणीही मिळेना. राहीबाई म्हणाली, “चला माज्याकडं.” तिच्या घरी भाकरी आणि ठेचा खाल्ला. आत्या लगेच झोपली. मला झोप येईना. आपण उद्या जाऊ, ही इथंच राहणार, हे डोक्यातून जात नव्हतं. राहीबाईला तसं म्हटलंही. ती चुलीतली राख ओढत होती. “तुमी आल्या न्हाई तवा काय लई सुकात हुतो का आमी?” ती म्हणाली. “काढा तुमचं चित्र. नीट काढा.”

सकाळी मी पुन्हा बोळात जाऊन बसले. चित्र पुरं होत आलं होतं, तेवढ्यात पोलीस पाटील आले. लढाईचे दिवस, सरकारी जागेचे नकाशे काढता, तुमच्यावर खटला होईल, असं बरंच बोलले. “काल पुढची बाजू काढली तेव्हा नकाशा नव्हता का?” मी विचारलं. त्यांनी कागद माझ्या हातातून ओढला, चार तुकडे केले आणि सांडपाण्यात टाकले.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू. पण रडत रडतच मी पिशवीतून दुसरा कागद काढला, फळीवर लावला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

पाटील पुढं आले. तोवर राहीबाई येऊन माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली होती. तिच्यामागून आणखी बायका आल्या. कुणाच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता, कुणाच्या कडेवर पोर. नुसत्या उभ्या राहिल्या. पाटलांना माझ्यापर्यंत यायचं तर त्यांना शिवावं लागलं असतं, आणि सगळ्या गावासमोर ते त्यांच्यानं होणार नव्हतं. ज्या विटाळाच्या भीतीनं ती भिंत फोडली होती, त्याचंच आता माझ्याभोवती कुंपण झालं होतं. 

“हिकडला दगड आनखी फुटका हाय,” एकीनं माझ्या कागदावर बोट ठेवलं. “आन खाली डबकं काढा, बाई. पावसाळ्यात आमी त्यात बसतो.”

मी डबकं काढलं. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

आम्ही निघालो तेव्हा मोटारवाल्यानं जागा नाही म्हणून सांगितलं. निम्मी गाडी रिकामी होती. मग पाथर्डीपर्यंत बैलगाडीनं गेलो आणि शेवगावावरून, मिरीच्या वाटेनं परत आलो. तुम्ही जाल तर येताना हीच वाट धरा, घाट लागत नाही. पाथर्डीच्या भेळीबद्दल आणि शेवगावच्या बाजाराबद्दल लिहायचं मनात होतं, पण खरं सांगायचं तर मी ते नीट पाहिलंच नाही.

महिन्याभरानं आत्या तिच्या कामासाठी पुन्हा त्या बाजूला जाऊन आली. अण्णासाहेबांनी टपालाला जागा द्यायची बंद केलीय. पेटी, शिक्का आणि पाटी शाळेच्या पडवीत गेलीय. पडवी कुडाची, वर पत्रा, कमान नाही, कमळ नाही. खिडकीही नाही, मास्तर टेबल टाकून बसतात आणि सगळे एकाच बाजूनं येतात. काही जण अजून लांब उभे राहून कुरकुरतात. एकानं कागद घ्यायला यायचंच सोडलंय. राहीबाई येते. इमारतींचं वेड असलेली मी, एवढं सुंदर टपालघर बंद पडल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाटून घेऊन पाहिलं. वाटेना.

शाळेच्या बक्षीस समारंभाला माझी चित्रं सभागृहात लावायचं ठरलं होतं. मुख्याध्यापिकांनी सगळी पाहिली, कौतुक केलं आणि बोळातलं चित्र अलगद बाजूला ठेवलं. “पाहुणे मोठे येणार आहेत. हे तेवढं नको.” मी म्हटलं, लागतील तर सगळी लागतील. एकही लागलं नाही.

मग मी ती आमच्या घराच्या पडवीत, रस्त्याकडल्या भिंतीवर लावली. पागा, वेस, कमळाची कमान आणि शेवटी ते भोक. पहिले दोन दिवस कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची रत्नाबाई पाण्याला जाताना थांबली. पागेपुढून, कमळापुढून सरळ गेली आणि शेवटच्या चित्रापाशी उभी राहिली. हंडा खाली ठेवला.

“आमच्या गावाला खिडकी न्हवती,” ती म्हणाली. “काठीला फडकं बांधून त्यात कागद द्यायचे.” तिनं दोन्ही हात पसरून काठीची लांबी दाखवली. “एवढी. न्हाई, याहून मोठी.”

“थांब,” मी म्हटलं, आणि कागद आणायला आत धावले.