मठाच्या काथवटीतलं पिवळं खमीर

दाफिना केहायोवा प्लोव्दिव शहरातल्या एका अन्न-प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरीला होती. तिच्या ताब्यात चारशेच्या वर जातींचे जिवाणू होते. कुणी दह्यातले, कुणी आंबवलेल्या कोबीतले, कुणी पावाच्या खमिरातले. बरेचसे गोठवलेले, गाढ झोपलेले; काही जागे. जे जागे त्यांना दर दोन-चार दिवसांनी ताज्या अन्नात थेंबभर हलवायचं, झाकायचं, उबेत ठेवायचं, हे तिचं काम. शिक्षण बेताचंच झालेलं. पण बशीतल्या हजार ठिपक्यांतला एक ठिपका आज जरा रुसलेला दिसतोय, हे ती दारातून सांगायची आणि ते खरं निघायचं.

उबेच्या कपाटाचं दार उघडलं की आंबूस, कोमट वाफ तोंडावर यायची. त्या वाफेत दाफिना हरवायची. तिला रोदोपी डोंगरातलं आपलं गाव दिसायचं, जिथं आता कुणीच राहत नव्हतं. धुक्यात चालणाऱ्या मेंढ्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा, मेंढ्या दिसेनाशा झाल्यावरही ऐकू येत राहणाऱ्या. तिला दोनदोनदा हाक मारावी लागायची. प्रयोगशाळेतली माणसं हसायची, "गेली बघा दाफिना मेंढ्यांमागं!"

तिला एकच बहीण, झ्लाता, सात वर्षांनी मोठी. चोविसाव्या वर्षी झ्लाता आर्दा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जोगिणींच्या मठात निघून गेली आणि तिथं एव्गेनिया झाली. दाफिना तेव्हा सतरा वर्षांची. पुढं वडील गेले, आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळली, ते सगळं दाफिनानं एकटीनं निभावलं. लग्न राहून गेलं. बहिणीवर ती कधी ओरडली नाही, पण वर्षातून एकदा भेटायला जायची ती पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर बसून यायची.

एका मार्चमध्ये, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा मोठा उपास चालू असताना, मठाच्या थोरल्या माता मक्रिना यांचं पत्र आलं. 'तुझी बहीण औषध घेत नाही. माझं ऐकत नाही. तुझंही ऐकणार नाही, तरी ये.'

दाफिना गेली. बस खाली सोडून देते, वरचा रस्ता चालतच. पाइनच्या झाडांत ढग अडकून बसले होते आणि मठ त्यांच्यात कुठंतरी तरंगत असावा असा वाटत होता. एव्गेनिया भटारघरात लाकडी काथवटीत पीठ मळत होती. दार उघडताच उजेड आत आला तशी तिनं डोळे मिटून मान फिरवली. ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले, लाल. जीभ जांभळट.

"हे काय झालंय तोंडाला, काको?" थोरल्या बहिणीला त्यांच्याकडं काकोच म्हणतात.

"वय झालं. उललं."

"जमीन उलते. डॉक्टर काय म्हणाले?"

"ब-दोन जीवनसत्त्व कमी पडतंय म्हणाले. गोळ्या दिल्यात."

"मग?"

"खणात आहेत. नीट ठेवल्यात."

"खणाला गुण आला का?"

एव्गेनिया हसायला गेली आणि ओठाचा कोपरा दुखून तिनं हात लावला. "हे बघ दाफिने, उपास मी धरलाय. पुढच्या दारानं उपास आणि मागच्या दारानं गोळी, हे मला जमायचं नाही."

"माता मक्रिनांनी परवानगी दिलीय ना?"

"परवानगी दिलीय, आज्ञा नाही दिली."

मठात दूध, अंडी, मांस वर्जित असलेले दिवस मोजले तर अर्ध्या वर्षाच्या वर भरत. एव्गेनियानं तर गेली काही वर्षं उरलेल्या दिवसांतही तेच चालवलं होतं: पाव, शेंगदाणेसुद्धा नाहीत, घेवड्याचं पातळ पाणी आणि डोंगरी चहा. आणखी दोघी म्हाताऱ्या तिच्या वळणावर गेल्या होत्या, त्यांचेही ओठ तसेच.

"आई आजारी होती तेव्हा तिनंही औषध थुंकून टाकलं असतं तर बरं झालं असतं," दाफिना अचानक म्हणाली. "मला अकरा वर्षं चमचा घेऊन उभं राहावं लागलं नसतं."

एव्गेनियाचे हात पिठात थांबले.  ती म्हणाली, "हे तू तीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतंस."

"आता म्हटलं."

 काथवटीत पीठ हळूच फुगत होतं. त्यावर एक बुडबुडा वर आला आणि फुटला. दाफिना त्याच्याकडं बघत राहिली.

"पाव तरी खातेस ना?"

"पाव खाल्ला नाही तर जगेन कशावर?"

"मग मला यातलं मूठभर खमीर दे."

प्रयोगशाळेत डॉक्टर यासेन पेव्चेव यांनी आधीच एक जिवाणू तयार केलेला होता. त्याच्या जनुकांत हात घालून त्यांनी तो असा बदलला होता की तो ब-दोन जीवनसत्त्व बनवत सुटायचा. त्याची कुपी मधाच्या पाण्यासारखी पिवळी दिसायची. अतिनील दिव्याखाली धरली की ती हिरवट-पिवळी उजळायची, जणू पाण्यात काजवे विरघळलेत. पण कायद्यानं तो दोन दारांआडच्या खोलीतून बाहेर न्यायला बंदी होती. माणसाच्या ताटात तर नाहीच.

एका दुपारी पेव्चेव जेवायला गेले असताना दाफिनानं ती कुपी उचलली आणि मुठीत धरली. काच हळूहळू तिच्या अंगाएवढी ऊब धरू लागली. एप्रनच्या खिशात टाकायची, शनिवारची बस धरायची, काथवटीत दोन थेंब. इतकं सोपं. मग तिच्या डोळ्यांपुढं बहीण आली, पिठानं माखलेले हात तसेच धरून विचारणारी: 'कुणाला विचारून आणलंस?' तिनं कुपी जागेवर ठेवली. 

पेव्चेव परतले तेव्हा ती तिथंच उभी होती.

"डॉक्टर, आज मी चोरी करणार होते."

ते हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"लेलो दाफिना," ते म्हणाले. वयानं मोठ्या बाईला लेलो, म्हणजे मावशी म्हणायची रीत आहे. "हा तुम्हाला द्यायचा नाही, आणि तुम्ही मागायचाही नाही. पण दुसरी वाट आहे. लांबची. तुमच्या मठाच्या खमिरातलाच जिवाणू घ्या. त्याला लाल पाण्यात टाका."

लाल पाणी म्हणजे जिवाणूंना विषारी असं एक रंगद्रव्य. दिसायला जीवनसत्त्वाचं जुळं भावंड, काम मात्र उलटं. जिवाणू त्याला खरं समजतो. 'भरपूर आहे, आता बनवणं बंद' असा निरोप आत जातो आणि तो उपाशी मरतो. पण कोट्यवधींत एखादा असा जन्मतो की त्याला हा निरोप ऐकूच येत नाही. तो बनवतच राहतो आणि विषात जगतो.

"त्याच्या आत कुणी हात घालत नाही," पेव्चेव म्हणाले. "तो आपला आपण तसा झालेला असतो. आपण फक्त शोधायचा. कायद्याची याला हरकत नाही. पण सापडेलच असं नाही हं. आणि कामाचे तास सांभाळून."

दाफिनानं दोन हिवाळे शोधलं. मठाच्या खमिरात पाच जातींचे जिवाणू निघाले. तिघांना हे जीवनसत्त्व बनवण्याचं ज्ञानच नव्हतं. चौथ्याचे सगळे मेले, दर वेळी. पाचवा पावासारखा गोडसर आंबट वास असलेला, संथ, हट्टी. त्याच्या बशा मांडायची, सकाळी उघडायची: रिकाम्या. पुन्हा मांडायची. झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठंतरी तिला त्या रिकाम्या बशा दिसत राहायच्या, आणि त्यांच्यावरून मेंढ्या चालत जायच्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, खिडकीला हिमाची जाळी धरलेली असताना, लालसर बशीच्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसला. तिनं कुणाला हाक मारली नाही. पडदा ओढला, अतिनील दिवा लावला. ठिपका उजळला. अंधाऱ्या बशीत तो एकटाच होता, दूर डोंगरावरच्या घरात दिवा लागावा तसा. दाफिना स्टुलावर बसली आणि बघत राहिली. आईचं अंथरूण, बंद पडलेलं गाव, न झालेलं लग्न, सगळं तिच्या मनातून संथपणे वाहून गेलं, आणि नवल म्हणजे कशाचाच त्रास झाला नाही. पेव्चेव आत आले, तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी ठिपका पाहिला. मग म्हणाले, "हा माझ्या जिवाणूपेक्षा कमी बनवतो."

"बनवतो ना?"

"बनवतो."

त्यानंतर तपासण्यांना आणि कागदांना आणखी जवळजवळ एक वर्ष गेलं. तो कुणाला अपाय करत नाही, जिवाणूनाशक औषधांनी मरतो, भाजून झाल्यावरही जीवनसत्त्व पावात टिकतं, हे सगळं लिहून, सही होऊन आलं. नाताळआधीच्या उपासात दाफिना बर्फ तुडवत मठात पोचली, बरणी लोकरी मोज्यात गुंडाळून छातीशी धरलेली.

माता मक्रिना ऐंशीच्या घरातल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या. त्यांनी बरणी हातात घेतली नाही.

"हे आमचंच खमीर?"

"तुमचंच, माते."

"बदललंयस?"

 "हो. म्हणजे तो आपला आपण बदलला, पण त्याला त्या वाटेला मीच लावलं. लाखो-करोडो मारले आणि हा एक ठेवला. बदललं नाही असं मी म्हणणार नाही."

"प्राणी आहे का हा? उपासाला चालेल?"

"तुम्ही आजवर जो पाव खाल्लात त्यात हाच होता."

मक्रिना हसल्या, एकच दात दिसला. "मग एव्गेनियाला आज्ञा आहे माझी. या खमिराचा पाव रोज. आणि तू, एक ऐक. याला चमत्कार म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर कष्ट म्हणायचे."

पाव भाजून आला आणि कापला, तर आतून फिकट पिवळा. जेवणाच्या लांब टेबलावर सगळ्या वाकून बघू लागल्या. मग निकोदिमा नावाची एक जोगीण ताडकन उठली.

"अंडं! उपासात अंडं घातलंय हिनं!"

"कुठलं अंडं?" एव्गेनिया म्हणाली. "कोंबड्या तुझ्याच ताब्यात आहेत. मोजून ये."

"मग लोणी!"

"लोणी असतं तर तू दुसरा तुकडा केव्हाच मागितला असतास."

सगळ्या हसल्या, निकोदिमा सोडून. दाफिनानं पिशवीतून हातातला छोटा अतिनील दिवा काढला आणि सगळ्यांना बिनखिडकीच्या कोठीत नेलं. खमिरावरचं पाणी तिनं पेल्यात ओतलं होतं. दिवा लागताच पेला हिरवट-पिवळ्या उजेडानं भरला. काळ्या झग्यांतल्या सात बायका त्या पेल्याभोवती दाटीनं उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यांवर तो मंद उजेड. एव्गेनियानं अंधारात धाकट्या बहिणीचा हात शोधला आणि धरला. पिठानं खरखरीत झालेला हात. दाफिनाला तो ओळखीचा वाटला नाही. शेवटचा धरला होता तेव्हा तो मऊ होता.

तरीही निकोदिमानं तो पाव कधी खाल्ला नाही. तिच्यासाठी वेगळा भाजावा लागला आणि तिची कुरकुर एव्गेनिया आनंदानं ऐकत राहिली.

दोन महिन्यांत एव्गेनियाचे ओठ भरून आले. बाकीच्या दोघींचेही. उजेडाला डोळ्यांतून येणारं पाणी कमी झालं, पण दिसणं सुधारलं नाही. तो मोतीबिंदू निघाला आणि त्याची शस्त्रक्रिया पुढं स्मोल्यानच्या दवाखान्यात झाली. खमिरानं ते व्हायचं नव्हतं. शहरातल्या एका भटारखान्यानंही हा पाव करून पाहिला. गिऱ्हाइकांना वाटलं रंग घातलाय. महिन्याभरात बंद.

आणि मठाच्या काथवटीत वसंत येईपर्यंत पाव पुन्हा पांढरा होऊ लागला. जुने रानटी जिवाणू लाकडाच्या चिरांतून परत येत होते. त्यांच्या अंगावर जीवनसत्त्व बनवत बसण्याचं ओझं नव्हतं, ते भराभर वाढायचे आणि दाफिनाच्या संथ जिवाणूला मागं टाकायचे. त्यामुळं दर तीन महिन्यांनी ताजी बरणी न्यावी लागायची. वर्षातून एकदा येणारी दाफिना आता चारदा येऊ लागली, मग सहादा. बहिणी भटारघरात बसायच्या. कधी आईबद्दल बोलायच्या, कधी भांडायच्या. एकदा तर तीस वर्षांपूर्वीच्या एका हिरव्या शालीवरून दोन दिवस अबोला झाला.

दाफिना निवृत्त झाली तेव्हा पेव्चेवनी बरणीची सोय लावून दिली. प्रयोगशाळेतून ती दर तीन महिन्यांनी बसनं येते. आणि तिला उतरवून घ्यायला खाली दाफिनाच जाते, कारण आता ती भटारघराशेजारच्या खोलीत राहते. जोगीण झाली नाही. बुधवारी, मठाच्या उपासाच्या दिवशी, दही खाते, उघड, खिडकीत बसून.

"लाज वाटू दे जरा," एव्गेनिया म्हणते.

"काको, उपास तू धरलायस."

गेल्या शरद ऋतूत खालच्या दरीतल्या दुसऱ्या मठातून दोघी जणी झाकणाचं मडकं घेऊन आल्या. त्यांच्याकडंही तिघींचे ओठ फाटले होते. दाफिनानं मडक्यात खमीर घातलं, वरून पीठ भुरभुरलं आणि हे कसं टिकवायचं, पिवळा रंग केव्हा विझतो, ते कशावरून ओळखायचं ते समजावून सांगितलं. त्या दोघी धुक्यात उतरू लागल्या. मडकं धरणारी पुढं, दुसरी तिच्या कोपराला धरून. दाफिना दारात उभी होती. आतून एव्गेनियानं दोनदा हाक मारली, पीठ मळायला हात हवा होता. तिसऱ्या हाकेला ती आत गेली.