दोघांची बंडी

शेंदूरजनाघाटचा असून रहीमचाचांना विसरलेला माणूस भेटला, तर मी त्याच्याशी भांडेन. अब्दुल रहीम, आमच्या बाजारातले शिंपी. आज मी अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे ती त्यांनी शिवलेल्या एका बंडीमुळे.

माझे वडील शिडीवर चढून संत्री तोडायचे. ते तापानं गेले. बागेचा ठेका केशवरावांकडे होता. आई, पार्बताबाई, त्यांच्याकडे गेली आणि तिनं वडिलांच्या जागी तोडणीला त्यांची शिडी मागितली. ती मिळाली नसती तर आम्ही मायलेकी पातूरला मामाच्या दारात जाऊन पडलो असतो, आणि मामी कशी होती ते मला विचारूच नका. केशवराव म्हणाले, "चढून दाखव."

आई चढली. संत्र्याच्या झाडाला काटे असतात, हे फोडी खाणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? पदर काट्यात गुंतला, तंग चोळीत हात वर जाईना, आणि ती तशीच अडकून राहिली. दुसऱ्या दिवशी ती वडिलांची बंडी घालून गेली. ढगळ ती, बिनबाह्यांची. हात वर केला की बगलेतून सगळं उघडं पडायचं. केशवराव उखडले.

"माणसाची बंडी घातलेली बाई माह्या बागेत नाही पाहिजे. उद्या धड कपड्यात येजो, नाही तं येऊच नोको."

आई चोळी आणि बंडी दोन्ही घेऊन चाचांकडे गेली. "चाचा, यातलं मले काहीच चालत नाही."

चाचांनी दोन्हींची शिवण उसवली. नवऱ्याची बंडी उसवलेली पाहून आई रडायला लागली, तर म्हणाले, "रडतं काहून बेटी? यातलं काही वाया जाऊन नाही राहिलं." बंडीचा घेर आणि लांबी त्यांनी घेतली, कात्री ठेवायला पोटावर मोठा खिसा घेतला. चोळीची अंगासरशी बाही घेतली, पण मनगटापर्यंत लांबवली, आणि बगलेत तिरक्या तुकड्याची कळी घातली, म्हणजे हात कितीही वर गेला तरी कापड ओढलं जात नाही. कापड नवं, अकोल्याचा जाड मांजरपाट. पदर कमरेला खोचायचा, डोक्याला रुमाल. अशा एकसारख्या दोन बंड्या त्यांनी शिवल्या. दुसरी कोणासाठी, हे आईला सांगितलं नाही.

सकाळी ती दुसरी बंडी घालून चाचा स्वतः आईबरोबर निघाले. तेही भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावासमोरून.

"चाचा, चोळी घातली, आता बांगड्याही भरा," कोणीतरी ओरडलं.

"भरतो ना. तू घेऊन दे," चाचा म्हणाले आणि चालत राहिले.

बागेत केशवरावांनी दोघांना खालीवर पाहिलं. "हे बाईचं हाये का माणसाचं?"

"शिवणारा मी, पन मलेच मालूम नाही. तुमीच पाहून सांगा," असं म्हणत चाचा शिडीवर चढले. गुडघे दुखरे, तरी एकेक पायरी चढत गेले. शेंड्याच्या फांदीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी एक संत्रं तोडलं. कुठे टाका उसवला नाही, हातावर ओरखडा नाही.

शेषराव बागेतला सगळ्यात चांगला तोडणारा. त्याची बंडी बगलेत कायम फाटलेली आणि हात काट्यांनी रक्ताळलेले. तो पुढे आला. "चाचा, मलेही एक शिवून द्या. हिच्यासारखीच."

शेषरावच असं म्हणाल्यावर केशवराव वळले. आईला म्हणाले, "चढ."

दोन हंगामांत सगळी बाग त्या बंडीत आली. शेषराव एकदा खुंटीवरची बायकोची बंडी घालून वरूडला गेला आणि चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला, तर कुंकवाची डबी हातात आली. गाव त्याला वर्षभर त्यावरून चिडवत होतं. शेवटी लोक तिला दोघांची बंडी म्हणायला लागले. आईची शिडी कायम राहिली आणि मी शाळेत गेले.

चाचा गेले ते ऐन तोडणीत. बागेतली माणसं शिड्यांवरून उतरली आणि तशीच निघाली. बायका मैतीबरोबर जात नाहीत, त्यांच्यातही नाही अन् आमच्यातही नाही. वडिलांच्या वेळी आईला अंगणातच धरून ठेवलं होतं. त्या दिवशी ती बंडीत, डोक्याला रुमाल बांधलेली, सगळ्यांच्या रांगेत चालत राहिली. लुगड्याचा पदर दिसला असता तर कोणीतरी नक्की हटकलं असतं.

चाचांचा मुलगा रऊफ जनाज्याला खांदा देत होता. त्यानं वळून पाहिलं आणि आईला ओळखलं. अंगात त्याच्याही तीच बंडी होती. तो बाजूला सरकला आणि दांडा आईच्या खांद्यावर दिला.

आईनं हात वर करून दांडा धरला. बगलेत कुठे ओढलं नाही.