आभाळाचा पंचनामा

कोंबडीचं हाड चोखता चोखता साहेबांनी विचारलं, "म्हणजे आभाळात काही नव्हतं, असंच ना?" आणि आमच्या पडवीत दाटीवाटीनं बसलेल्या गावानं एका सुरात "नाय सायेब" म्हटलं. तेव्हापासून मला गावठी कोंबडीच्या रश्श्याचा वास सोसत नाही. शाळेतल्या बायकांना वाटतं मी माळ घातली आहे. वाटू दे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव सापगावच्या पलीकडं. मी शहापूरच्या कॉलेजात शिकत होते आणि माझा मोठा भाऊ, दादा, वाशिंदहून मुंबईच्या विमानतळावर कामाला जायचा. तिथं तो रडारच्या पडद्यापुढं बसायचा. पडद्यावरच्या ठिपक्यांवरून कुठलं विमान कुठं आहे ते बघायचं आणि वैमानिकाला वाट सांगायची, हे त्याचं काम. त्या कामावर त्याचा फार जीव. जेवतानासुद्धा भाताची शितं ताटात मांडून मला विमानं कशी एकामागे एक लावतात ते दाखवायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

त्या फाल्गुनात एका संध्याकाळी बाबा आणि मी अंगणात गवताचे भारे रचत होतो. दिवस बुडाला होता, उजेड अजून होता. माहुलीच्या डोंगराच्या वर, चांगला उंच, एक पिवळट गोळा उभा होता. विमानासारखा लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. बराच वेळ तो एका जागी राहिला आणि मग कुणीतरी दोरीनं ओढावा तसा सरळ मुरबाडच्या अंगाला गेला, दिसेनासा झाला. "काय गो बाय ह्या?" बाबा म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा भारा तसाच राहिला होता. शेजारच्या अंगणातही माणसं माना वर करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आला तो धुमसतच. आदल्या संध्याकाळी दोन वेगवेगळ्या विमानांच्या वैमानिकांनी त्याला विचारलं होतं, की शहापूरच्या डोंगरांवर तो उजेड कसला? आणि नेमका त्याच जागी त्याच्या पडद्यावर एक ठिपका होता, कुठल्याच विमानाचा नसलेला. तो मुरबाडकडे सरकला आणि पुसला गेला. दादानं नियमाप्रमाणे वर कळवलं, तर वरचे हसायला लागले. हे ऐकताना बाबा मध्येच म्हणाले, "अरे, आमी पन बघला त्यो!" दादानं त्यांचे दोन्ही हात धरले. स्वतःच्या लग्नातही तो इतका खूश दिसला नव्हता.

चौकशी लागली. दादाला कल्पना होती काय होणार त्याची. ज्याला पडद्यावर नसलेलं दिसतं, अशा माणसाला पडद्यापुढं कोण बसू देईल? म्हणून त्यानं स्वतःच सांगितलं, माझ्या गावाला विचारा, गावानं पाहिलं आहे. घरी येऊन बाबांना म्हणाला, "तुमी जे बघितलं तेवढंच सांगा. जास्त नको, कमी नको."

बाबांनी मान डोलावली आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात चार म्हाताऱ्यांना गोळा केलं. मी प्रसादाची वाटी घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. आमच्याकडं भात झोडायच्या दिवसांत खळ्यावर राखण्या ठेवतात. त्याच्या पाळीत चोरी झाली तर भात त्याच्याकडून भरून घेतात, वर पुढच्या वर्षी त्याला कोणी ठेवत नाही. म्हातारे तोच हिशेब लावत होते. आभाळाचं खळं, आपला पोरगा राखण्या. त्याच्या पाळीत कोणीतरी घुसलं, असं आपणच सांगितलं तर पोराची नोकरी गेली. चोर आलाच नाय म्हटलं की राखण्या सुटला! "पण दादानंच तर सांगितलंय—" मी म्हटलं. "त्याला काय कलतंय? पोरगा साधा हाय," बाबा म्हणाले. "सायेब लोक गोड बोलून कबूल करून घेतात." पाचांनी ठरवलं, राबाचा जाळ होता म्हणायचं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी तो परमेश्वर किती मठ्ठ असू शकतो ते मी पाहिलं.

राब म्हणजे भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून ती जमीन भाजून घेणं. राब धुमसतो, भडकत नाही. आणि काही झालं तरी तो जमिनीवर असतो. डोंगर ओलांडून मुरबाडला जाणारा राब आजवर कुणी पाहिलेला नाही. शिवाय आमच्या शिवारातला राब त्याच्या आधीच भाजून झाला होता, राख थंड पडली होती. हे त्या पाचांइतकं कुणाला ठाऊक होतं?

साहेब आले जीपमधून. दोघं मुंबईचे, बरोबर तहसीलचा एक कारकून. खुर्चीवर आधी रुमाल अंथरले, मग बसले. सारवलेल्या पडवीत बूट घालूनच. आईनं दिलेल्या पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही, बाटलीतलं पाणी प्यायले. कोंबडीला मात्र काही विटाळ नव्हता. डोंगर कुठल्या दिशेला, गोळा किती उंच, किती वेळ दिसला, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. उत्तर ते मुंबईहून घेऊनच आले होते, फक्त त्याच्यावर आमची थुंकी लावून तिकीट चिकटवायचं होतं.

"राब जाळता ना तुम्ही लोक?"

"हो सायेब."

"त्या दिवशी जाळला होता?"

"हो सायेब."

"बगळ्यांचे थवे उडतात ना इकडे? त्या दिवशी उडाले असतील?"

"लय उडालं सायेब," एक म्हातारा म्हणाला. गावात नसलेला माणूस. तो त्या दिवशी लेकीकडं खर्डीला होता!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "मी पाहिला गोळा. बाबा माझ्या बाजूलाच होते." साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते बाबांकडे बघून हसले. बाबाही हसले. तसं ओशाळं, लाचार हसू मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "पोरगी हाय सायेब. गोष्टीची पुस्तकं वाचते," ते म्हणाले. कारकुनानं दात कोरता कोरता विचारलं, "भुतंबितं पण दिसतात का गं तुला?" पडवीभर हशा पिकला. माझंच गाव, माझेच काके-मामे. ज्यांनी माना वर करून तो गोळा बघितला, तेच तोंडं फाडून हसत होते. मी मागच्या दारानं गोठ्यात जाऊन उभी राहिले. शेणाचा वास बरा वाटला.

संध्याकाळी दादा आला. बाबा ओट्यावर वाटच बघत होते. "सोडवला रे तुला," म्हणाले. "कोन काय बोलला नाय. सगली एका तोंडान बोलली." दादानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता तो ओरडेल. मला ते हवं होतं. पण बाबांचा चेहरा इतका फुलला होता, की त्यानं नुसतं "बरं" म्हटलं आणि हातपाय धुवायला गेला. मागून मी गेले तर तो न्हाणीच्या दगडावर बसून होता, पाण्याला हात न लावता.

चौकशीचा निकाल लागला: राबाचा जाळ, पक्ष्यांचा थवा आणि पडदा बघणाऱ्याची चूक. ते दोन वैमानिक, ज्यांनी आधी कौतुकानं सांगितलं होतं, त्यांनीही शब्द फिरवले. एकाला तो शुक्र वाटला, दुसऱ्याला आठवेना. नोकऱ्या त्यांनाही होत्या. दादाला पडद्यापुढून उठवलं आणि सामानाच्या कोठारात बसवलं. पगार तेवढाच राहिला, त्यामुळे गावाच्या लेखी काहीच बिघडलं नाही. बाबा तर लग्नाकार्यात तो किस्सा रंगवून सांगायचे, आपण साहेबांना कसं गुंडाळलं त्याचा. दादा शेजारी बसून ऐकायचा. मी उठून जायचे.

मी मास्तरीण होऊन मुरबाडला आले. दादा मात्र हळूहळू वेगळाच होत गेला. रस्ता ओलांडताना नको तितका थांबायचा. दिवा बंद केला की पुन्हा बघून यायचा. वहिनीला विचारायचा, दारात कोणी उभं आहे का, की मला वाटतंय? डोळ्यांच्या डॉक्टरनं काही दोष नाही म्हणून सांगितलं, तरी दुसऱ्याकडे गेला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी दिवाळीला माहेरी गेले होते. बाबा आता थकले होते, पण शुद्धीत होते, बोलणं साफ. दुपारचं जेवण झालं, दादा त्यांना सुपारी कातरून देत होता. एकदम अडकित्ता ठेवून म्हणाला, "बाबा, एक विचारू? आता चौकशी नाय, सायेब नाय, कोन नाय. तुमी त्या दिवशी खरंच बघितला होता ना?"

बाबांनी त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"नाय रे बाला," ते म्हणाले. "राबाचा जाळ होता तो. तवा तू लय घाबरला होतास ना, तुला बरा वाटावा म्हनून मी बोललो, आमी पन बघला."

ते खोटं बोलत होते, की इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना तेच आठवायला लागलं होतं, मला अजून कळलेलं नाही. मी ओरडले, "मी होते तिथं! दादा, मी पाहिलाय, तुमच्या डोक्यावर भारा होता बाबा!" जन्मदात्या बापाची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती, आणि ते तर पोराच्या पाठीवरून हात फिरवत होते.

दादा माझ्याकडे बघून हसला. "तू ल्हान होतीस गो तवा," तो म्हणाला, आणि सुपारी कातरू लागला.